पासलीची न दळलेली हळद

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात मी वीस वर्षं बायकांचे आजार तपासत हिंडले. लोक म्हणतात, बाईंनी सेवा केली. दोन-तीन ठिकाणी शाल-नारळही दिला. मी तो मुकाट्याने घेतला, कारण नको म्हटलं की लोक आणखी लांब भाषण करतात. खरं सांगायचं तर सेवा माझ्या डोक्यातही नव्हती. मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता, आणि तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो सूक्ष्मदर्शक, त्या काचा, त्या वह्या, सगळं त्या एका रागातून निघालं.

आम्ही भोरकडचे शेतकरी. भाटघरचं धरण भरलं तेव्हा आमची खालची भाताची खाचरं पाण्यात गेली आणि वडील वरच्या माळावर नाचणी पेरू लागले. आम्ही दोघीच बहिणी. मी तेराव्या वर्षी विधवा झाले. नवऱ्याचं तोंडही धड पाहिलं नव्हतं. हिला घरात ठेवून करायचं काय, म्हणून मला पुण्याला मामाकडे धाडलं आणि मामाने शाळेत घातलं. बहीण हिर्डोशीला दिलेली. तिने नशीब काढलं असं सगळी भावकी म्हणे, कारण तिचा नवरा जिवंत होता, धडधाकट होता आणि मुंबईच्या गोदीत कामाला होता.

आमच्या डोंगरातल्या पुरुषांचं वर्ष तेव्हा ठरलेलं असे. भात झोडून झालं की मुंबई गाठायची, शिमग्याला घरी यायचं, पुन्हा जायचं आणि लावणीला परतायचं. बायका मागे राहायच्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या शिमग्याला दाजी येऊन गेले आणि बहिणीला लघवीला आग होऊ लागली. सासू म्हणाली, उन्हाळी लागली असेल, आणि धन्या-जिऱ्याचं पाणी पाजलं. मग अंगावरून जाऊ लागलं, मग ओटीपोट दुखू लागलं, मधूनच ताप भरू लागला. सहा वर्षांत मूल झालं नाही. सातव्या वर्षी दाजींनी तिला माहेरी आणून सोडली, तीही दारापर्यंत नाही, ओढ्यापर्यंत.

"वांझ बाई घरात ठिवून काय पुजू व्हय?" असं त्यांनी वडलांना ओढ्याच्या पलीकडूनच ऐकवलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी दुसरी केली.

टाकलेली म्हणून बहीण वर्षभर जगली. मी डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले तर ती अंथरुणाला खिळलेली. पोटाला हात लावला तर पोट फळीसारखं घट्ट. आत पू झाला होता. तिची सारी हकीकत मी विचारून घेतली आणि कळलं, हे सगळं मी पुस्तकात ओळीने वाचलेलं होतं. परमा, डॉक्टरी भाषेत गनोरिया. नवरा बाहेरून आणतो, बायकोला देतो, तो तिच्या गर्भनळ्या कुजवून बंद करतो, आणि मग तोच नवरा तिला वांझ म्हणतो. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "माज्यात काय खोट व्हती, तुला तरी कळलं का गं?" मी म्हटलं, सांगते, आधी दूध घे. दूध तापवून आणेपर्यंत तिची शुद्ध गेली. ती परत आली नाही.

तेव्हा मी जे ठरवलं ते कुणाजवळ बोलले नाही. बोलले असते तर लोकांनी मला वेडी ठरवलं असतं, आणि वेड्या विधवेला कोणी डॉक्टर करत नाही.

परीक्षा पास झाल्यावर मी पुण्यातल्या एका मोठ्या डॉक्टरसाहेबांकडे गेले. डोंगरातल्या बायकांमध्ये परमा किती आहे ते शोधायचं म्हणते, असं सांगितलं. ते मनापासून हसले. "हे शहरातले रोग आहेत. तुमच्या डोंगरातल्या बायका साध्याभोळ्या." साध्याभोळ्या बायकांना रोगही साधेभोळेच होतात अशी त्यांची समजूत असावी. त्यांच्या कपाटात एक जुना सूक्ष्मदर्शक पडून होता, तो मी मागितला. पीडा टळावी म्हणून त्यांनी तो दिला. मी तो गोधडीत गुंडाळून, सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन भोरला आणला आणि पेठेत दोन खोल्या घेऊन दवाखाना थाटला. महिन्यातून एकदा सूक्ष्मदर्शकाची पेटी गड्याच्या डोक्यावर देऊन हिर्डोशीच्या बाजूला जाई, एकदा डोंगर ओलांडून पासलीला. पासलीला पोचायला अख्खा दिवस चालावं लागे.

पहिलं वर्ष फुकट गेलं. काही त्रास आहे का विचारलं की बाई म्हणे, "न्हाई." अंगावरून जातं का विचारलं की म्हणे, "सगळ्यांचंच जातं की." त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. आईचं जात होतं, सासूचं जात होतं, तेव्हा आपलंही जायचंच, असा त्यांचा सरळ हिशेब. मला वाट दाखवली पासलीच्या सुईणीने. ती साठीची, काटक, जिभेने तिखट बाई. माझे प्रश्न ऐकून तिला कीवच आली.

"आवो डाक्टरीणबाई, त्वांडानं कोन सांगल? वढ्यावर चला. लुगडी धुताना बगा. जी बाई लांबच्या दगडावर एकटी बसती, न् राख लावून लावून एकच ठिकान घासती, तिला मागनं गाठा."

मी महिने महिने ओढ्यावर बसले. पुण्यात शिकलेली सगळी प्रश्नावली मी चुलीत घातली आणि राखेने घासलेल्या लुगड्यांवरून बायका निवडू लागले. मग देवळामागच्या रिकाम्या गोठ्यात पडदा बांधून एकेकीला तपासायचं, काचेवर स्राव घ्यायचा, निळ्या रंगात बुडवायचा आणि उजेडाला धरून पाहायचं. परम्याचे जंतू जोडीजोडीने असतात, पावट्याच्या दोन डाळिंब्या समोरासमोर ठेवाव्यात तसे. आणखी एक मी विचारायला शिकले: हे कधी सुरू झालं, शिमग्याच्या आधी की नंतर? दोन-तीन वर्षांतच वह्या बोलू लागल्या. आमच्या खोऱ्यात परमा शिमग्याला घरी येत होता आणि लावणीला पुन्हा येत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या डोक्याला फेटा होता.

हे मी प्रत्येक बाईला तोंडावर सांगत असे. हळू आवाजात सांगावं, असं माझ्या मनातही आलं नाही. एकेका घरातला नवरा एकेका बाईच्या मनातून उतरताना पाहिला की मला बरं वाटे. औषध म्हणून तेव्हा माझ्याकडे जांभळ्या पाण्याने धुण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. औषधापेक्षा मी ती बातमीच जास्त वाटली असेन.

मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली, आणि सुमारे त्याच वेळी सल्फाच्या नव्या गोळ्या पुण्यात मिळू लागल्या. महाग होत्या, पण त्यांनी परमा खरोखर बरा होत होता. मी मिळतील तेवढ्या आणून कुलपात ठेवल्या.

एका बाजारच्या दिवशी दवाखान्यात एक बाई आली. पदर नाकापर्यंत, कमरेत वाकलेली, वय तिशीच्या आत. गाव विचारलं, हिर्डोशी म्हणाली. कुणाच्या घरची, विचारलं. तिने दाजींचं घर सांगितलं. बहिणीच्या जागेवर येऊन बसलेली बाई माझ्यासमोर बसली होती. दहा वर्षं मी हिलाही मनातून शिव्या घातल्या होत्या. उठून जा म्हणावं असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात तीच बोलली.

"माज्यावर करणी हाय, बाई. पैल्या बायकूचा तळतळाट लागलाय. दर आवसंला लिंबू उतरून टाकती तिच्या नावानं, पन कूस काय उजवंना."

मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. तिला आडवं निजवलं, काच घेतली, रंगवली, पाहिली. भिंगाखाली त्याच जोड्या. आणि मला आनंद झाला. हो, आनंदच. बहिणीच्या वेळी माझ्याकडे पुरावा नव्हता, आता तो काचेवर होता.

"तुझ्यावर करणी नाही," मी म्हटलं. "हा रोग तुला नवऱ्याने दिला. तिलाही त्यानेच दिला होता. ती माझी बहीण."

तिने हातातल्या बांगड्या फिरवल्या. मग म्हणाली, "म्हंजी तिनं काईच केलं न्हवतं?"

"काही नाही."

"आन् म्या एवढी वर्सं लिंबं टाकली."

ती रडली नाही. मला वाटलं होतं ती रडेल आणि मी ते बघेन. तिने पदर खोचला आणि मला एक बातमी दिली. दाजी तिसरी करत होते. कुणा वैदूने त्यांना सांगितलं होतं की नव्या नवरीशी संसार केला की परमा उतरतो. मुलगी ठरली होती पासलीची, सोळा वर्षांची. सुपारी फुटली होती. लग्न मुलीच्या दारात, पंधरा दिवसांवर.

"तिला तरी वाचवा," ती म्हणाली. "माजं नाव सांगितलं तरी चालंल."

मी तिला गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या ते समजावलं, घरी काही बोलू नको म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पासलीची वाट धरली. मुलीला वाचवायचं होतं, नाही असं नाही. पण वाटभर माझ्या डोळ्यांपुढे मुलगी नव्हती. भर मांडवातून तोंड काळं करून परतणारे दाजी होते.

मुलीच्या बापाने मला उभंही केलं नाही. "गडीमानसाला कसला रोग? बाईचंच काय तरी असंल," म्हणाला आणि बैल सोडायला गेला. आईने मात्र ऐकलं. ती माझ्या गोठ्यातल्या पडद्यामागे येऊन गेलेली बाई होती, त्यामुळे तिला फोड करून सांगावं लागलं नाही. पण शब्द दिलेला, सुपारी फुटलेली, तिच्या हातात काय होतं? तिने सुईणीला बोलावलं. सुईणीने सगळं ऐकलं, तंबाखूची चिमूट गालात धरली आणि विचारलं, "हळद दळाया किती सवाष्णी लागत्यात?"

लागतात पाच. जात्याला आंब्याचा डहाळा बांधून पाच सवाष्णींनी नवरीच्या घरी हळद दळली नाही तर पुढचं काहीच होत नाही. अंगाला हळद नाही तर नवरी नाही. हे मला ठाऊक होतं, पण त्यातून काय निघतं ते सुईणीच्याच डोक्यात आलं.

"तुमी इधवा. मांडवात पाय टाकू नगा," ती मला म्हणाली. "भाईर पारावर बसा न् गंमत बगा."

लग्नाच्या आदल्या दिवशी उन्हं चढली तसं हिर्डोशीचं वऱ्हाड दोन बैलगाड्या आणि पंधरा-वीस माणसं घेऊन शिवेवर आलं. मी पारावर बसले होते. मुलीच्या घरातून बोलावणी गेली, हळद दळायला चला. पहिली सवाष्ण म्हणाली, मला कावळा शिवलाय. दुसरी म्हणाली, मी बाहेर बसलेय. तिसरी, चौथी, जाऊ, नणंद, शेजारीण, ज्या घरी जावं तिथली बाई परसदारी गोणपाट टाकून वेगळी बसलेली. शेवटी नवरीची आईच उठून अंगणाच्या कडेला जाऊन बसली आणि म्हणाली, "मलाबी आत्ताच."

मुलीच्या बापाच्या कपाळाची शीर उडत होती. "साऱ्या गावाच्या बायकांस्नी एकाच दिशी कसा कावळा शिवला?"

सुईण आपली म्हातारी, तिला विटाळाचा प्रश्नच नव्हता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खोटं वाटतंय? मंग जा की घरोघर, इचारा एकेकीला. बगून या."

एकही पुरुष हलला नाही. गावकी, भावकी, पाटील, सगळे आपापल्या वहाणांकडे बघत राहिले. जन्मभर बायकांच्या ज्या गोष्टीला त्यांनी नाकं मुरडली, तिच्यापुढे त्या दिवशी त्यांचं काही चालेना. पाणी शेंदायला कोणी नाही, चूल पेटवायला कोणी नाही. वऱ्हाडातल्या बायका आल्या होत्या, त्यांनी दळली असती हळद, पण सगळं गाव विटाळलेलं ऐकल्यावर त्या अंगणातही शिरेनात. वऱ्हाडातलाच एक म्हातारा म्हणाला, देवाच्या मनात नाही, मोडा हे. दुपार टळायच्या आत गाड्या फिरल्या.

दाजी घोड्यावर होते. पारासमोरून जाताना त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं. मी उभी राहिले आणि मोठ्याने हसले. मला कोणी असं हसताना तोवर पाहिलेलं नव्हतं. त्या रात्री मुलीच्या आईने मला नाचणीची गरम भाकरी आणि तूप वाढलं, आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

तीन आठवड्यांनी भर दुपारी, दवाखान्यात कोणी नाही असं बघून दाजी आले. फेटा काढून हातात घेतलेला. चेहरा उतरलेला होता, चालताना पाय फाकवून टाकत होते. दुसऱ्या बायकोला माझ्या गोळ्यांनी बरं वाटत असल्याचं त्यांना घरात कळलं होतं.

"बाई, झालं ते झालं. मला बी त्या गोळ्या द्या. लई आग व्हतीया."

कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती. गोळ्या कपाटात होत्या, त्यांच्यापुरत्या होत्या. या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती की तो असा आपल्या पायांनी चालत येईल हे मला सुचलंच नव्हतं. मी खुर्चीतून उठले नाही.

"माझ्या बहिणीला विचारून या," मी म्हटलं.

ते उभेच राहिले. "मी पाया पडतो," म्हणाले आणि खरंच वाकले. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "ती हो म्हणाली तर देते," असं पुन्हा सांगितलं. ते गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि बहिणीला मोठ्याने सांगितलं, बघितलंस ना. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

ती वहीत लिहिण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून लिहिली नाही. माझ्या अभ्यासाचा लेख पुढे पुण्यात वाचला गेला, त्याच मोठ्या डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. शिमग्याची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. खोऱ्यातल्या पुरुषांना धरून आणून तपासायला हवं, त्यांनाही औषध द्यायला हवं, असं मी त्या लेखात ठासून लिहिलं होतं. लिहिताना मला दाजी आठवले नाहीत, इतकी मी माझ्या न्यायाने तृप्त होते.

पुढच्या शिमग्यानंतर दाजींची दुसरी बायको पुन्हा आली. या वेळी तिने एका मुलीला हाताला धरून आणलं होतं. सतरा वर्षांची असेल, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, बोली कोकणातली. दाजी वरंधा घाट उतरून खाली कोकणात गेले होते. खाली मला कोणी ओळखत नव्हतं, माझ्या गोठ्यातल्या पडद्यामागे तिथली कोणी बाई आली नव्हती. तिथे हळद दळली गेली, आणि लग्न झालं.

मुलगी ओटीपोट धरून बसली होती. ताप होता. मी काच घेतली नाही, गरज नव्हती. पोटाला हात लावला आणि तिने जो श्वास ओढला त्यावरूनच कळलं की आत किती पसरलंय.

दुसरी दाराशी उभी होती. ती कधी आवाज चढवून बोलणारी बाई नव्हती, आजही बोलली नाही.

"ते आलं व्हतं तवा तुमी गोळ्या दिल्या न्हाईत. हो ना?"

मी मुलीच्या पोटावरचा हात काढून घेतला.

"त्यांनी घरी सांगितलं. म्या म्हनलं, बरं झालं, जळू द्या. म्याबी तसंच म्हनलं, बाई." ती मुलीकडे बघत होती. "तुमचं न् त्यांचं वैर. माजं न् त्यांचं वैर. हिनं कुनाचं काय केलं व्हतं?"

मी कपाट उघडलं. मुलीला पहिली गोळी दवाखान्यातच दिली, आठ दिवस तिला माझ्याकडे ठेवून घेतलं. मग हिर्डोशीला निरोप धाडून दाजींना बोलावलं आणि पेठेतच राहायला लावलं. रोज सकाळी ते समोर येऊन उभे राहत, मी पाण्याचा तांब्या पुढे करी, आणि गिळून तोंड उघडून दाखवल्याशिवाय जाऊ देत नसे. आमच्यात एक शब्दही बोलणं झालं नाही. मी त्यांना माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. ते बरे झाले. मुलगीही तापातून उठली, वाचली. तिला मूल झालं नाही.